अर्ध्यावर लटकलेलं शीड

आमची शिडाची बोट म्हणजे एक जुनी कॅटालिना 22, लांबी साडेएकवीस फूट, अमेरिकेत चेसापीक बे मध्ये ॲनापोलिसजवळ उभी असते. हिच्यावर शीड चढवायचे दोर, म्हणजे हॅलयार्ड, डोलकाठीवरच बांधायची सोय होती. त्यामुळे शीड उतरवायचं म्हटलं की कुणीतरी कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या बसायच्या जागेवरून, उठून, केबिनच्या छपरावर चढून, हलत्या बोटीवर डोलकाठीला मिठी मारायची. उन्हाळ्यात इकडे दुपारी बघता बघता काळं आभाळ भरून येतं, वारा एकदम अंगावर येतो, आणि नेमकी तेव्हाच ही मिठी मारायची वेळ येते. म्हणून ठरवलं की सगळे दोर छपरावरून मागे आणायचे, बसल्या जागेवरून सगळं करायचं.

एका वीकेंडला केलं काम. डोलकाठीच्या पायाशी कप्प्या, तिथून छपरावर दोर बाजूला वळवायला आडव्या चपट्या कप्प्यांचा सेट, ज्याला ऑर्गनायझर म्हणतात, मग दोर पकडून ठेवणारे क्लच आणि शेवटी छोटा विंच, म्हणजे दोराचे वेढे मारून ओढायचं रीळ. दिसायला एकदम झकास. शीड वर गेलं, जोर जरा जास्त लागला पण गेलं. उतरवायला क्लच उघडला तर अर्ध्यावर येऊन लटकलं की हो! शेवटी चढलोच छपरावर, हाताने खेचायला.

झालं काय, तर घर्षण. चढवताना कप्प्यांमध्ये जेवढा जोर वाया जातो तो आपला हात भरून काढतो, पण उतरताना ओढणारं फक्त शीडाचं स्वतःचं वजन असतं, आणि शीड जसं खाली बूमवर, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या काठीवर, गोळा होतं तसं ते लटकतं वजनही कमी कमी होत जातं, म्हणून सुरुवातीला सरसर येतं आणि मग मध्येच थांबतं.

याचा हिशोब फार मजेदार आहे. गावाकडे ओढाळ बैल आवरायचा तर दाव्याचे दोन वेढे झाडाला मारतात आणि मग लहान पोरगंसुद्धा त्याला धरून ठेवतं, ते बघितलं असेल. याचं गणित ऑयलर नावाच्या गणितज्ञाने 18व्या शतकातच मांडून ठेवलंय. दोर एखाद्या न फिरणाऱ्या गोल वस्तूवरून गेला की दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर प्रत्येक वेढ्याला गुणाकाराने वाढतं, बेरजेने नाही. दोर आणि धातू यांचा घर्षणांक 0.2 धरला तर एका वेढ्याला साधारण 3.5 पट, दोनला 12 पट, तीनला 43 पट. म्हणजे विंचवर तीन वेढे असले की 86 किलोचा ताण मी 2 किलोच्या जोराने धरून ठेवू शकतो. आणि गंमत म्हणजे झाड जाड आहे की बारीक याने काही फरक पडत नाही, एकूण किती अंशांतून दोर वळला तेवढंच मोजायचं (मला हे अजूनही मनापासून पटत नाही, पण गणित तसंच सांगतं).

आता हेच गणित कप्पीला लावा. कप्पी छान फिरत असेल तर प्रश्न नाही, थोडंसंच वाया जातं. पण फिरायची थांबली की ती कप्पी राहत नाही, झाडाचं खोड होते. दोर डोलकाठीच्या टोकाला 180 अंश वळतो, पायाशी 90, ऑर्गनायझरमध्ये आमच्याकडे 30 च्या आसपास, एकूण 300. सगळ्याच अडकल्या तर 2.85 पट जोर! नुसती टोकाची अडकली तरी 1.87 पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आमची तीच अडकलेली निघाली, डोलकाठी आडवी केल्यावर कळलं, मिठाने आणि घाणीने पार जाम. मी मात्र खालच्या नव्या कप्प्यांना शिव्या घालत बसलो होतो. अर्थात दोर मागे आणायच्या आधीही ती जामच असणार, पण तेव्हा वळण एकच होतं आणि मी डोलकाठीपाशीच उभा असायचो त्यामुळे हाताने खेचून निभावून जायचं.

कप्पीवर भार किती येतो हेही कोनावरच. 100 किलो ताणाचा दोर 30 अंश वळला तर कप्पीवर 52 किलो, 90 ला 141, आणि पूर्ण उलटा फिरला तर 200. डोलकाठीच्या पायाशी दोर उभ्याचा आडवा होतो, म्हणजे ती कप्पी मागे तर ओढली जातेच, शिवाय 100 किलोने वरही. नुसती छपराला स्क्रूने बसवली तर ती छप्पर उचलायला बघणार. म्हणून त्या डोलकाठीच्या पायाखालच्या प्लेटलाच अडकवायच्या, डोलकाठी खाली दाबते, कप्पी वर ओढते, दोघांचं भांडण तिथल्या तिथे मिटतं.

छपराला भोकं पाडताना मात्र घाई नको. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं, स्क्रूच्या बाजूने पाणी आत गेलं की ते कुजतं आणि वरून वर्षानुवर्षं काही दिसत नाही. भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, वाळलं की मधोमध स्क्रूसाठी लहान भोक. कंटाळवाणं काम आहे पण करायचंच.

क्लचचा क्रम डोलकाठीपाशी दोर ज्या क्रमाने बाहेर पडतात तोच ठेवला, नाहीतर दोर एकमेकांना ओलांडून घासतात आणि परत घर्षण. रंग वेगवेगळे घेतले. घाईत लेबल कोण वाचतंय, "निळा सोड" म्हटलं की पाहुण्यालाही कळतं. शीड लहान करायचा रीफचा दोर एकच ठेवून शिडाचं पुढचं-मागचं दोन्ही टोक खाली ओढता येतं, पण त्यात वळणं इतकी होतात की मी सरळ दोन वेगळे दोर घेतले. डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर फारसा लांबत नाही म्हणून शीडाला मस्त, पण इतका गुळगुळीत की क्लचमधून सरकतो, तेव्हा वरून पॉलिएस्टरचं कव्हर असलेला घेतला.

टोकाची कप्पी बदलल्यावर शीड आता क्लच उघडला की खाली येतं. शेवटचे दोन फूट सोडून. तेवढ्यापुरता मी अजूनही छपरावर चढतो.