जपानची दारे खरोखर बंद होती का?

‘१८५३ साली अमेरिकन युद्धनौका येईपर्यंत जपान दोनशे वर्षे जगापासून पूर्णपणे तुटलेला होता,’ असे वाक्य बंदरांच्या सहलींविषयीच्या संदेशांत वारंवार फिरते. त्याला आधार नाही असे नव्हे. १६३५ मध्ये जपानी लोकांच्या परदेशगमनावर बंदी आली आणि १६३९ मध्ये पोर्तुगीजांचे येणे थांबवले गेले. पण निर्बंध आणि संपूर्ण बंदी यांत फरक आहे.

नागासाकीत १६३६ साली समुद्रात भर घालून देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट उभारण्यात आले आणि १६४१ पासून डच व्यापारी तेथे राहू लागले. साखर, रेशीम, कापड येत असे. तांबे आणि कापूर जात असे. त्या तांब्याचा मोठा भाग डच जहाजांतून भारतातही पोहोचला, आणि भारतातील छापील सुती कापड जपानमध्ये ‘सारासा’ या नावाने आवडीचे झाले. चिनी व्यापार तर डचांहून मोठा होता. चिनी व्यापाऱ्यांसाठी १६८९ मध्ये देजिमापेक्षा मोठी, भिंतीआडची वसाहत बांधली गेली. शिवाय त्सुशिमा बेटामार्गे कोरियाशी, दक्षिणेतील सात्सुमा संस्थानामार्गे र्‍यूक्यू बेटांशी आणि उत्तरेतील मात्सुमाए संस्थानामार्गे तिथल्या मूळनिवासी ऐनू लोकांशी व्यवहार चालूच होता.

हे पडताळायला नागासाकीत अर्धा दिवस पुरतो. देजिमाभोवती आता भराव आहे, त्यामुळे बेट शोधणारा प्रवासी प्रथम गोंधळतो. मात्र दक्षिणेकडची बाजू धरून चालल्यास पंख्याची वळणदार कड पायांखाली जाणवते. तेथून चिनी वसाहतीच्या जागेतील छोटी मंदिरे पायी गाठता येतात. जाणे जमत नसेल, तर जुन्या नकाशात हीच कड शोधावी.