परिषदेला पाठवायचा गोषवारा आणि छापील शोधनिबंधाचा गोषवारा

लघुउद्योगांवरील एखाद्या परिषदेने शोधनिबंध मागवले की निवेदनातली पहिली मागणी गोषवाऱ्याची असते. संशोधनविषयक नियतकालिकात छापलेल्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावरही गोषवाराच असतो. शब्द एकच, लांबी जवळपास सारखी, आणि विषय, पद्धती व निष्कर्ष यांचा उल्लेख दोन्हींत. त्यामुळे पहिल्यांदा परिषदेला निबंध पाठवणारा अभ्यासक छापील लेखातला गोषवारा समोर ठेवून त्याच घाटाचा मजकूर लिहितो, आणि तो नाकारला गेला की आपल्या संशोधनातच काही उणे असावे असे समजतो. पुष्कळदा उणेपण संशोधनात नसते. एका कामासाठी घडलेला मजकूर त्याने दुसऱ्याच कामाला लावलेला असतो.

छापील निबंधाचा गोषवारा ही झालेल्या कामाची नोंद आहे. तो वाचणारा माणूस डेटाबेसमध्ये काहीतरी शोधत आलेला असतो आणि पूर्ण लेख उघडायचा की नाही, हे त्याला ठरवायचे असते. अनेकदा तर पूर्ण लेख त्याच्या हाती येतच नाही आणि गोषवाऱ्यावरच त्याला भागवावे लागते. गोषवाऱ्यांसाठीचे आयएसओ २१४ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७६ सालचे आहे. त्यात माहिती देणारा गोषवारा आणि केवळ निर्देश करणारा गोषवारा असा भेद केलेला आहे. पहिला निष्कर्ष सांगून टाकतो, दुसरा लेखात कशाकशाचा विचार केला आहे एवढेच सांगतो. प्रत्यक्ष आकडेवारीवर किंवा मुलाखतींवर उभ्या असलेल्या निबंधाला पहिलाच प्रकार शोभतो.

परिषदेला पाठवलेला गोषवारा मात्र अर्ज असतो. तो वाचणारा परीक्षक काही शोधत आलेला नसतो. त्याच्यापुढे असे अनेक गोषवारे ठेवलेले असतात आणि प्रत्येकाबद्दल त्याला निर्णय द्यायचा असतो. हे काम स्वीकारावे का, त्याला सादरीकरणाचा वेळ द्यावा की पोस्टरची जागा, कोणत्या सत्रात ते बसेल, आणि हा संशोधक परिषदेच्या दिवसापर्यंत बोललेले पुरे करील का, हे प्रश्न त्याच्या मनात असतात. यातला शेवटचा प्रश्न छापील लेखाच्या वाचकाला पडण्याचे कारणच नाही, कारण त्याच्या पुढ्यातले काम पुरे झालेले असते. गोषवारा पाठवण्याची मुदत आणि परिषद यांत सहसा काही महिने जातात, म्हणून बहुतेक गोषवारे अर्धवट कामावर लिहिले जातात. परीक्षकाला हे ठाऊक असते आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कुटुंबाच्या मालकीच्या लहान छापखान्यांत कारभार पुढच्या पिढीकडे कसा जातो, असा अभ्यासाचा विषय आहे असे समजा. काम संपल्यावर निबंधाचा गोषवारा साधारण असा होईल: “कुटुंबाच्या मालकीच्या लहान छापखान्यांतील कारभाराचे हस्तांतर २४ मालकांच्या मुलाखतींतून अभ्यासले. मालकी कागदोपत्री पुढच्या पिढीकडे गेल्यावरही उधारीचे आणि कागदखरेदीचे निर्णय आधीच्या पिढीकडेच राहतात, आणि जुन्या ग्राहकांशी ज्याची ओळख त्याच्या हाती खरा अधिकार असतो, असे आढळले. वारशाचे नियोजन करताना मालकीइतकाच या ओळखींच्या हस्तांतराचा विचार व्हावा, असे प्रतिपादन केले आहे.”

त्याच कामावरचा, पण सहा महिने आधी परिषदेला पाठवलेला गोषवारा वेगळा असायला हवा: “कौटुंबिक व्यवसायांच्या वारशाचा विचार करताना मालकी आणि पद यांच्या हस्तांतराकडे लक्ष जाते, रोजचे निर्णय कोणाच्या हाती राहतात, हा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न आम्ही लहान छापखान्यांत तपासत आहोत. नियोजित २४ मुलाखतींपैकी १४ पूर्ण झाल्या असून त्यांचे कोडिंग (मुद्द्यांनुसार वर्गीकरण) चालू आहे. मालकी बदलल्यावरही उधारीचे निर्णय आधीच्या पिढीकडे राहतात, असे आतापर्यंतच्या मुलाखतींत दिसते. उरलेल्या दहा मुलाखती, मालकी बदलून पाच वर्षे उलटलेल्या छापखान्यांत घेणार आहोत, म्हणजे ही स्थिती तात्पुरती आहे की टिकाऊ, हे पाहता येईल. परिषदेत सर्व मुलाखतींचे विश्लेषण मांडू.”

दुसऱ्या मजकुरात तीन गोष्टी अधिक आहेत. प्रश्न का विचारावा याचे कारण सुरुवातीलाच आले आहे. काम कुठवर आले, हे आकड्यात सांगितले आहे. आणि उरलेले काम कशासाठी करायचे आहे, तेही स्पष्ट आहे. यातली तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण संशोधकाला आपल्या अपुऱ्या सामग्रीची मर्यादा कळली आहे आणि ती भरून काढण्याची वाट त्याने आखली आहे, एवढे त्या एका वाक्यातून परीक्षकाला समजते. छापील निबंधाच्या गोषवाऱ्यात हे वाक्य निरर्थक ठरेल, कारण तिथे ती वाट चालून झालेली असते.

हा भेद ध्यानात न घेणाऱ्याच्या हातून दोन उलट प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक पोकळपणाची. “या निबंधात लघुउद्योगांपुढील आव्हानांची चर्चा केली जाईल आणि उपाय सुचवले जातील” असे वाक्य कोणत्याही विषयावर, कोणत्याही वर्षी लिहिता येते, आणि त्यावरून परीक्षकाला काहीच ठरवता येत नाही. दुसरी चूक याहून गंभीर आहे. निबंधाच्या गोषवाऱ्याची नक्कल करताना, अजून हाती न आलेले निष्कर्ष भूतकाळात लिहिले जातात: “असे आढळले”, “असे सिद्ध झाले”. पुढे सामग्री वेगळे काही सांगू लागली तर संशोधक पेचात सापडतो. एक तर व्यासपीठावर उभे राहून स्वतःचाच गोषवारा खोडावा लागतो, नाही तर सामग्री त्या वाक्याकडे ओढण्याचा मोह होतो. हा मोह मला फार घातक वाटतो, आणि तो टाळण्याचा उपाय केवळ क्रियापदाचा आहे: जे झाले ते भूतकाळात लिहावे, जे चालू आहे ते वर्तमानात आणि जे व्हायचे आहे ते भविष्यकाळात.

परिषदेचा गोषवारा तात्पुरता असतो, मग त्यात एवढी काटेकोरी कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो परिषदेच्या कार्यक्रमपुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर राहतो आणि त्याचा हवालाही दिला जातो. जैववैद्यकीय क्षेत्रातील परिषदांच्या गोषवाऱ्यांचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा या बाबतीत बोलका आहे. ४२५ अहवालांतील ३ लाखांहून अधिक गोषवाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के गोषवाऱ्यांचेच पुढे पूर्ण लेख झाले, असे त्यात आढळले. व्यवसायविषयक संशोधनाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी परिषदेचा गोषवारा हीच एखाद्या कामाची एकमेव छापील खूण उरू शकते, एवढे त्यावरून नक्की समजते.

दोन्ही गोषवारे एकमेकांत मिसळण्याचे आणखी एक कारण ठरीव मथळे हे आहे. मथळ्यांत विभागलेला गोषवारा १९८७ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठी सुचवला गेला. पुढे एमराल्डसारख्या प्रकाशकांनी व्यवस्थापनाच्या नियतकालिकांत हेतू, पद्धती, निष्कर्ष आणि नावीन्य असे मथळे रूढ केले. काही परिषदाही तसेच मथळे देतात, आणि ‘निष्कर्ष’ या चौकटीपुढे अर्धवट काम हातात असलेला संशोधक अडतो. तिथे “आतापर्यंतच्या सामग्रीतून” अशी सुरुवात करून दिसले तेवढेच लिहावे. काहीच दिसले नसेल, तर कोणत्या दोन शक्यतांपैकी एक निवडता येईल, हे लिहावे. चौकट रिकामी ठेवणे किंवा अंदाजाने भरणे, दोन्ही चूक.

लघुउद्योग या विषयाची स्वतःची एक अडचण आहे आणि परिषदेच्या गोषवाऱ्यात ती अधिक टोचते. ‘लघु’ म्हणजे किती, याचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपीय संघाच्या २००३ च्या शिफारशीनुसार ५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी युरोपर्यंत वार्षिक उलाढाल किंवा ताळेबंद असलेला उद्योग लघु ठरतो, आणि लघु-मध्यम गटाची कर्मचारीसंख्येची मर्यादा २५० पेक्षा कमी अशी आहे. अमेरिकेत उद्योगागणिक मोजपट्टी बदलते आणि एकंदर आकडेवारीसाठी ५०० पेक्षा कमी कर्मचारी ही मर्यादा वापरली जाते. म्हणजे ३०० कर्मचाऱ्यांचा एकच कारखाना एका परीक्षकाच्या लेखी लहान असतो आणि दुसऱ्याच्या लेखी मोठा. छापील निबंधात व्याख्या आत कुठेतरी सविस्तर दिलेली असते, म्हणून गोषवाऱ्यात ती गाळली तरी चालते. परिषदेच्या परीक्षकापुढे आतले काहीच नसते. म्हणून “दहापेक्षा कमी कर्मचारी असलेले छापखाने” असे चार शब्द तिथे खर्च करावेत, आणि जागेसाठी “अर्थव्यवस्थेचा कणा” यांसारखी विषयाची थोरवी गाणारी वाक्ये काढून टाकावीत. लघुउद्योगांवरच्या परिषदेत त्यांचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते.

बीजशब्दांचे (कीवर्डचे) कामही दोन ठिकाणी वेगळे असते. छापील निबंधात ते शोधणाऱ्याला लेखापर्यंत आणतात. परिषदेत गोषवारा कोणत्या परीक्षकाकडे आणि कोणत्या सत्रात जाईल, हे ठरवताना बहुधा त्यांचाच आधार घेतला जातो. ‘उद्योजकता’ एवढा एकच व्यापक शब्द दिला, तर वारसाविषयक काम वित्तपुरवठ्याच्या जाणकाराकडे जाऊन पडण्याचा संभव असतो.

नावाचेही तसेच आहे. छापील गोषवाऱ्यावर लेखकाचे नाव हवेच. परिषदेच्या गोषवाऱ्यात मात्र, निनावी परीक्षण असेल तर, नाव मजकुरात, “आमच्या आधीच्या निबंधात” अशा उल्लेखात आणि फाइलच्या गुणधर्मांतही राहू देऊ नये. मुदतीच्या तारखेपुढे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असे लिहिलेले असेल, तर पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत चालते. तिची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे मोजतात.

सादरीकरण झाले, काम पुरे झाले आणि निबंध नियतकालिकाकडे पाठवायचा झाला की परिषदेचा गोषवारा उचलून तसाच वर चिकटवण्याची सवय सर्रास दिसते. तेव्हा मुलाखतींची १४ ही संख्या २४ करून भागत नाही. “तपासत आहोत” आणि “मांडू” ही क्रियापदे जावी लागतात, विषयाचे समर्थन एका वाक्यावर आणावे लागते, आणि मोकळी झालेली जागा निष्कर्षांना द्यावी लागते. उरलेल्या दहा मुलाखतींनी पहिल्या चौदांचे चित्र पालटले असेल, तर तो मजकूर बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर नव्याने लिहावे.