प्राणी शेल्टरसाठी सणासुदीची डोनेशन ड्राइव्ह (पुणे)

भटक्या, जखमी आणि टाकून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थांसाठी सोसायट्या, ऑफिसं, कॉलेजातली पोरं सणावारी सामान नि पैसे गोळा करतात, त्याला पुण्यात सगळे डोनेशन ड्राइव्हच म्हणतात. गणपतीत थोडं, नाताळात थोडं, पण खरा जोर दिवाळीत, कारण घर तेव्हाच आवरलं जातं आणि बोनसही तेव्हाच हातात येतो. मुक्या जनावरांना सणात धरायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी तर चार. भोसरीचं पांजरपोळ गुरं सांभाळतं, मुंढव्याची ब्लू क्रॉस सोसायटी आणि बावधनची, २००७ साली सुरू झालेली रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही कुत्र्या-मांजरांसाठी पुणेकरांच्या तोंडी असलेली नावं.

आवराआवरीत निघालेल्या वस्तूंपैकी सगळ्यात उपयोगी म्हणजे रद्दी. पिंजऱ्यात पिल्लांखाली पेपर अंथरतात आणि दिवसातून कितीतरी वेळा बदलावे लागतात, त्यामुळे गठ्ठे बघता बघता संपतात. जुन्या चादरी, टॉवेल, सतरंज्या, गोणपाट हेही चालतं, थंडीत तर हवंच असतं, कारण पावसाळ्यानंतर रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्या वितात आणि ती पिल्लं नेमकी पुण्याच्या गारठ्यात सापडतात. पण कापसाच्या गाद्या-उशा देऊ नका, कुत्री फाडतात आणि कापूस गिळतात. आणि फराळ तर अजिबात नको! चिवड्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, चॉकलेट विषारी, कांदाही वाईट, गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब लागतात. प्रेमानेच देतात लोक, मान्य आहे, पण डब्यातलं उरलंसुरलं नेऊन देण्यापेक्षा तांदूळ किंवा चांगलं डॉग फूड द्या, आणि निघायच्या आधी एक फोन करून आत्ता काय कमी पडतंय ते विचारा. बऱ्याचदा उत्तर गॉज, बँडेज, सिरिंज, सलाइन असलं येतं, जे कुठल्याच कपाटातून निघत नाही.

म्हणून पैसे. सामान दिसतं, त्याचे फोटो छान येतात, पण ऑपरेशन, अँब्युलन्सचं पेट्रोल, सांभाळणाऱ्या माणसांचे पगार चादरींनी भागत नाहीत. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळते ती पैशांवर, वस्तूंवर नाही, तीसुद्धा जुनी कररचना घेतली असेल तरच आणि संस्थेची तशी नोंदणी असेल तरच. २००० रुपयांच्या वर रोख दिले तर त्यावर सूट नाही, तेव्हा ऑनलाइन किंवा चेकने द्या आणि पावती मागून घ्या.

खटकतं ते एवढंच की मदत सणाला येते आणि प्राणी बाराही महिने येत असतात. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली, गाडीखाली आलेली कुत्री असतात. संक्रांतीला मांज्याने पंख कापलेल्या घारी, घुबडं, वटवाघळं. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी तो मिळतोच. मग उन्हाळ्यात उष्माघात, पाण्यावाचून पडलेले पक्षी, आणि तेव्हा कुठल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोकं ठेवलेलं नसतं. काही ग्रुप आता दिवाळीला जमलेली सगळी रक्कम एकदम न देता दर महिन्याला थोडी थोडी पाठवतात, शेल्टरवाल्यांना औषधांचा हिशोब त्याने आधीच मांडता येतो.