अंगरखा नवा की अंगच नवं? विस्डेनचं रीबाइंड आणि फॅक्सिमिली

'विस्डेन १८८९, हार्ड कव्हर, ओरिजिनल.' जुन्या क्रिकेट पुस्तकांच्या विक्रीत अशी ओळ दिसली की आधी एक गोष्ट आठवायची: १८८९ साली विस्डेन, म्हणजे इंग्लंडमधून दरवर्षी निघणारं क्रिकेटचं वार्षिक, पुठ्ठ्याच्या बांधणीत निघतच नव्हतं. १८६४चा पहिला अंक आला तेव्हापासून ते कागदी मुखपृष्ठात विकलं जायचं. प्रकाशकाची स्वतःची पक्की कापडी बांधणी सुरू झाली ती १८९६च्या अंकापासून. म्हणजे १८९५पर्यंतचं जे कुठलं विस्डेन कडक पुठ्ठ्यात समोर येईल, ते दोनांपैकी एक असणार. एक तर जुना अंक नंतर कुणीतरी बाइंडरकडून बांधून घेतलेला, म्हणजे रीबाइंड. नाही तर कित्येक दशकांनी जुन्या पानांच्या प्रतिमा घेऊन नव्याने छापलेला, म्हणजे फॅक्सिमिली. विकणारा लबाड असतोच असं नाही. आजोबांचं कपाट रिकामं करायला बसलेल्या माणसाला 'जुनं दिसतंय आणि पुठ्ठा मजबूत आहे' एवढंच कळतं, आणि तो तेवढंच लिहितो.

नवखे संग्राहक या दोघांना एकाच टोपलीत टाकतात: मूळ बांधणी नाही ना, मग डुप्लिकेट. इथेच घोळ होतो. रीबाइंडमधला कागद, शाई, छपाई सगळं त्या सालचं असतं. बदललेला असतो तो फक्त अंगरखा. फॅक्सिमिलीत अंगच नवं असतं, आणि त्यावर कधी कधी जुन्या धाटणीचा अंगरखा चढवलेला असतो. पहिल्या अंकाचंच घ्या. १८६४ची अस्सल प्रत, मग ती बांधलेली का असेना, हजारो पौंडांच्या घरात जाते. त्याच अंकाचं पुनर्मुद्रण त्याच्या एका कोपऱ्याइतक्या पैशात मिळतं. शीर्षकपान मात्र दोन्हींचं सारखंच दिसतं, आणि विक्रीच्या फोटोत नेमकं शीर्षकपानच असतं.

फॅक्सिमिली म्हणजे फसवणूक, असंही डोक्यात घेऊ नका. त्या उघडपणे, पुनर्मुद्रण म्हणूनच निघाल्या. १८६४ ते १८७८ हे पहिले पंधरा अंक मिळणं मुश्कील, म्हणून त्यांचे संच पुन्हा छापले गेले. १९९१ साली निघालेल्या संचाच्या १००० प्रती होत्या. १८७९पासून पुढच्या अंकांचं काम इंग्लंडमधल्या विलोज या छोट्या प्रकाशनाने १९८०च्या दशकात हाती घेतलं. त्या प्रतीही मोजक्याच निघाल्या, त्यामुळे आज जुन्या बाजारात त्यांनाही मागणी आहे. खरं तर वाचायचं असेल तर मी फॅक्सिमिलीच घ्यायला सांगेन. पहिला अंक ११२ पानांचा, किंमत एक शिलिंग, आणि त्यात क्रिकेट सोडून काय नाही! इंग्लंडमधल्या कालव्यांची लांबी, धर्मयुद्धांच्या तारखा, डर्बीचे विजेते घोडे. जॉन विस्डेन हा बुटका गोलंदाज, १८५०मध्ये लॉर्ड्सवर एका डावात दहाच्या दहा बळी त्रिफळाचीत करून घेणारा. प्रकाशक म्हणून मात्र त्याला पानं भरायला कालवे लागले. अस्सल प्रतीचं ठिसूळ पान उलटताना कालव्यांची मजा वाटत नाही, धाकधूकच वाटते.

आता ओळखायचं कसं? माझा ठोकताळा असा: पुस्तकात वयं किती आहेत ते मोजायचं. रीबाइंडमध्ये बहुधा दोन वयं सापडतात, फॅक्सिमिलीत एकच.

पुस्तक उघडा आणि पुठ्ठ्याच्या आतला अस्तराचा कागद आणि पहिलं छापील पान शेजारी शेजारी बघा. अस्तर पांढरं, घट्ट, आणि छापील पान चहात बुडवून काढल्यासारखं, कडेला जास्त काळवंडलेलं, असं असेल तर बाइंडरचा हात लागलाय हे उघड. फॅक्सिमिलीत अस्तर, पानं, शिलाईचा दोरा सगळे एकाच बॅचचे भाऊ. पानांचा रंग मुद्दाम सायीसारखा ठेवला असेल तरी तो मधोमध आणि कडेला सारखाच असतो. खऱ्या जुन्या कागदाला हवा कडेने लागलेली असते, तो कडेनेच पिकतो.

या नियमाला एक पळवाट आहे. कित्येक रीबाइंड त्या काळातच झालेले आहेत. क्रिकेटवेड्या माणसाने दरवर्षीचा अंक एकाच रंगाच्या कापडात किंवा अर्ध्या चामड्यात बांधून घ्यायचा, कण्यावर खाली स्वतःची आद्याक्षरं सोनेरी अक्षरांत टाकून घ्यायची, असा प्रकार. अशा प्रतीत अस्तरही शंभर-सव्वाशे वर्षांचं, त्यामुळे वय एकच भासतं. मग पानांच्या बेचक्यात बघायचं, जिथे दोन पानं शिलाईला मिळतात तिथे. आधीच्या शिलाईची रिकामी भोकं नव्या दोऱ्याच्या आजूबाजूला दिसतात. वरची कड बोटाने चाचपायची. बाइंडर बांधताना कडा छाटतो, त्यामुळे पान मूळ अंकापेक्षा काही मिलिमीटर आखूड होतं, आणि एखाद्या पानावर शीर्षओळ अगदी कडेला येऊन टेकते. छाटलेल्या कडांवर लाल शिंतोडे मारलेले असले तर अजूनच सोपं.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती विजेरी. खोलीतला दिवा बंद करायचा, पान टेबलावर सपाट ठेवायचं आणि विजेरी पानाच्या पातळीत, अगदी आडवी धरायची. एकोणिसाव्या शतकातलं विस्डेन अक्षरांचे खिळे (टाइप) जुळवून छापलेलं आहे. खिळा कागदात दाबला जातो, त्यामुळे आडव्या उजेडात पानाच्या मागच्या बाजूला धावफलकांच्या रांगा उठावासारख्या दिसतात. आकड्यांचे स्तंभ तर शेतातल्या सऱ्यांसारखे. फॅक्सिमिली ऑफसेटवर छापलेली, तिथे शाई कागदावर नुसती बसते. पान सपाट. एकदा हा फरक नजरेत बसला की नुसत्या बोटानेही कळायला लागतो.

भिंग असेल तर अक्षरांकडेही बघा. प्रतिमेवरून छापलेल्या मजकुरात बारीक रेघा मधेच तुटतात आणि इंग्रजी 'ई'चं पोट शाईने बुजतं. छायाचित्राची तर आणखी दैना. १८८९च्या अंकात विस्डेनने पहिल्यांदा खेळाडूंचं छायाचित्र दिलं: वर्षातले सहा थोर गोलंदाज, लोहमन, पील, ब्रिग्ज, टर्नर, फेरिस आणि वुड्स. 'वर्षाचे क्रिकेटपटू' निवडण्याची प्रथा इथूनच सुरू झाली. छापलेल्या चित्रावरून पुन्हा चित्र छापलं की छटा खाल्ल्या जातात, आणि मिशी कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते कळेनासं होतं.

आणखी एक गमतीची खूण. फॅक्सिमिलीसाठी जी जुनी प्रत वापरली, तिच्यावरच्या खुणा कधी कधी पुनर्मुद्रणातही उतरतात. कुणीतरी १८८०च्या दशकात पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण, ग्रंथालयाच्या शिक्क्याची कड, वाळवीचं भोक. अशा वेळी पान तिरकं धरायचं: खरी पेन्सिल चकाकते, छापलेली पेन्सिल मठ्ठ काळी राहते. आणि वाळवीच्या भोकातून पलीकडचं पान दिसत नसेल तर ते भोक नाही, चित्र आहे.

हे सगळं करण्याआधी शीर्षकपानाची पाठ वाचावी, हे सांगायलाच हवं. पुनर्मुद्रण असल्याचं बहुधा तिथेच किंवा शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. आयएसबीएन क्रमांक दिसला तर विषयच संपला. तो प्रकार १९७०च्या सुमारास सुरू झाला. ते पान फाडून टाकलेलं असू शकतं, म्हणून बेचक्यात फाटक्या पानाची पट्टी राहिलीय का हेही बघावं.

मी स्वतः उलट्या बाजूने फसलो. एका लिलावात किरकोळ पुस्तकांच्या गठ्ठ्यात गडद हिरव्या कापडातलं एक विस्डेन होतं, १८८०च्या दशकातलं. कण्यावरचं सोनं चकचकीत, कापडाला सुरकुती नाही. मी दोन पानं चाळून 'हे तर नंतरचं छापील' म्हणून खाली ठेवलं. शेजारच्या गृहस्थांनी तेच उचललं, थेट शेवटाकडे गेले आणि मला दाखवलं: मूळ कागदी मुखपृष्ठ, मळकं पिवळट, आत जपून शिवलेलं. बाइंडिंग नवं होतं, पोटातला अंक अस्सल. त्यांनी गठ्ठा घेतला. मी शेवटपर्यंत गेलोच नव्हतो, जवळजवळ नुसता कणा बघून निकाल दिला होता.

रीबाइंडची किंमत ठरते ती नेमकी या मुखपृष्ठांवर. जुन्या बाइंडरांच्या लेखी कागदी मुखपृष्ठ म्हणजे पुडीचा कागद. बांधताना ते फेकून द्यायचं, सोबत पुढच्या-मागच्या जाहिरातींची पानंही. आज त्याच जाहिरातींत, चेंडू आणि बॅटींच्या, संग्राहकांचा जीव अडकलेला. म्हणून 'रीबाइंड, मुखपृष्ठांसह' आणि 'रीबाइंड, मुखपृष्ठांविना' हे दोन वेगळे माल आहेत. आणि १८९६च्या आधीच्या अंकांत सगळ्यांत वरचा मान कडक पुठ्ठ्याला नाही. मूळ कागदी मुखपृष्ठात, न बांधता टिकलेल्या प्रतीला आहे. आजच्या पुस्तकांची सवय असलेल्याला हे उरफाटं वाटतं.

१८९६पासून तिसरा गडी मैदानात येतो: प्रकाशकाची तपकिरी कापडी बांधणी. मग समोरचं पुस्तक मूळ बांधणीचं, रीबाइंड की फॅक्सिमिली, असा तिहेरी प्रश्न पडतो, कारण मूळ धाटणीची नक्कल करून बांधणारे कुशल कारागीर आहेत. भारतीय वाचकाला हव्या त्या प्रती याच काळातल्या: १८९७ (रणजितसिंहजी वर्षाचे क्रिकेटपटू), १९३३ (सी. के. नायडू, आणि आदल्या वर्षीच्या लॉर्ड्सवरच्या भारताच्या पहिल्या कसोटीचा वृत्तांत), १९३७ (विजय मर्चंट). १९१६चा अंक तर सगळ्यांनाच हवा असतो. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत निघालेला, अंगाने बारीक, ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ट्रम्पर आणि इंग्लंडचा डब्ल्यू. जी. ग्रेस या दोघांचे मृत्युलेख एकाच अंकात. इतकी मागणी असलेल्या सालाचं पुनर्मुद्रण होणारच, आणि झालंही. १९३८पासून पिवळ्या कापडाचं आणि चित्रकार एरिक रॅव्हिलियसच्या लाकूडठशाचं मुखपृष्ठ आलं. तिथून पुढे बहुतेक वर्षांच्या प्रती मुबलक, त्यामुळे ही भानगड कमी. १९६५पासून पुठ्ठ्याच्या प्रतींना जॅकेट आलं, तर आता जॅकेटच फॅक्सिमिली मिळतं, एवढंच.

खरी डोकेदुखी संकरित प्रतींची. अस्सल अंक, पण हरवलेल्या मुखपृष्ठाच्या जागी फॅक्सिमिली मुखपृष्ठ लावून नव्याने बांधलेला. किंवा मधली चार पानं गायब होती म्हणून पुनर्मुद्रणातून काढून घातलेली. असं करण्यात वावगं काही नाही; पुस्तक वाचण्याजोगं होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाताना ती माहिती गळते. त्यामुळे पहिल्या पानावर विजेरीची परीक्षा पास झाली म्हणून थांबायचं नाही. सुरुवात, मध्य, शेवट आणि छायाचित्राचं पान, चारही जागा बघायच्या. आणि पृष्ठक्रमांक कंटाळा न करता मोजायचे.

विकताना मी 'ओरिजिनल' हा शब्द एकटा वापरणं सोडून दिलंय. 'अस्सल अंक, नंतरची बांधणी, पुढचं मुखपृष्ठ आहे, मागचं फॅक्सिमिली, जाहिरातींची पानं नाहीत, कडा छाटलेल्या' असं रटाळ लिहितो. खाली चार फोटो: शीर्षकपान, त्याची पाठ, शिलाईचं बेचकं आणि आडव्या उजेडातलं एक पान. कुणी पाचवा फोटो मागितला, वरच्या कडेचा, की समजायचं गिऱ्हाईक जाणतं आहे, आणि घासाघिशीची तयारी ठेवायची.