सेकंदाला पंधरा वेळा उजळणी

'रॅम साफ करा, बॅटरी वाचवा' ही जाहिरात दिसली की मला राहवत नाही. रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, खरोखर काय चालतं हे एकदा कळलं, की असली ॲप कुणी ठेवणार नाही.

पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरेना, की वायरमन सांगतो, "कंडेन्सर गेला." तोच कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, रॅमच्या चिपमध्ये असतो. पंख्यातल्याची धारिता, म्हणजे वीज साठवायची ताकद, साधारण २.५ मायक्रोफॅरड, तर चिपमधल्याची सुमारे १० फेम्टोफॅरड. पंचवीस कोटी पटींनी कमी. ८ जीबी रॅममध्ये असे जवळपास ६,९०० कोटी कपॅसिटर.

एका बिटसाठी, म्हणजे एका ० किंवा १ साठी, एक कपॅसिटर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारं बटण, ही युक्ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. भरलेला कपॅसिटर १, रिकामा ०. एका व्होल्टला त्यात मावतात जेमतेम साठ हजार इलेक्ट्रॉन, आणि दार बंद असलं तरी ते गळत राहतात. म्हणून सहसा दर ६४ मिलिसेकंदांत कपॅसिटरची प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते.

ही भरणी कशी होते ते पाहा. कपॅसिटर ज्या तारेला जोडतात ती बिटलाइन आधी अर्ध्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. ट्रान्झिस्टर उघडला की भरलेल्या कपॅसिटरमधला प्रभार तारेत उतरतो आणि तिचं व्होल्टेज किंचित चढतं. कपॅसिटर रिकामा असेल तर किंचित उतरतं. पण या देवघेवीत कपॅसिटरमधली मूळ नोंद मोडते. वाचलं की पुसलं! मग सेन्स ॲम्प्लिफायर, म्हणजे तारेवरचा बारीक फरक मोठा करणारं सर्किट, तो बारीकसा कल पकडतो आणि तारेला पूर्ण १ किंवा पूर्ण ० कडे खेचून नेतो. ट्रान्झिस्टर अजून उघडाच असतो, त्यामुळे तेच पूर्ण व्होल्टेज कपॅसिटरमध्ये परत जातं. वाचणं हेच पुन्हा लिहिणं. भरणीसाठी वेगळं काही लागत नाही, ओळ नुसती वाचायची.

त्या ओळीत तुमचा फोटो आहे की काहीच नाही, याच्याशी भरणीला कर्तव्य नसतं. रॅम 'साफ' केल्याने ती थांबत नाही. उलट या सफाईत बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना जास्त वीज जाते.

थंडीत ही गळती मंदावते. २००८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून चिपवर फवारा मारला आणि तिला उणे ५० अंशांपर्यंत गोठवलं. वीज तोडून दहा मिनिटं झाली, तरी एक टक्काही बिट पुसले गेले नव्हते. डिस्कच्या कुलपाच्या गुप्त किल्ल्या त्यांनी त्या चिपमधून वाचून काढल्या.