किटकॅटमधली बारीक तार

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि लाईट रात्री साडेबाराला यायची. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर तात्यांनी मोटार चालू केली, ती पाच-सात मिनिटं चालली आणि गप्प झाली. किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बांधायचा चिनीमातीचा ठोकळा, उपसून बघितलं तर तार उडालेली. नवी बांधली, तीही उडाली. "तारच बोगस आहे," असं म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमच्या वायरचा तुकडा सोलला आणि काडीएवढी जाड तार तिन्ही किटकॅटमध्ये आवळून टाकली. मोटार चालली. पहाटे मात्र पेटीतून नाही, थेट मोटारीतून वास आला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं. तार दोनदा सांगत होती की मोटार नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतेय. पंपात गाळ भरला होता, आणि आसपासच्या सगळ्याच मोटारी एकदम चालू झाल्यामुळं व्होल्टेजही पडलं होतं. व्होल्टेज कमी झालं तरी पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून मोटार करंट वाढवून ते काम भागवते.

तारेतून वीज वाहिली की ती तापते, आणि हे तापणं करंटच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊपट. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवतात, म्हणजे त्या वाटेवर सगळ्यांत आधी तीच वितळावी. किती जाडीची तार किती करंटला वितळते, याचं गणित विल्यम प्रीस या टेलिग्राफच्या ब्रिटिश अभियंत्यानं १८८० च्या दशकात मांडलं. तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार साधारण ७ अँपिअरला वितळते, म्हणून ती ५ अँपिअरच्या फ्यूजला वापरतात. जाडी दुप्पट केली तर वितळायचा करंट दुपटीवर थांबत नाही, जवळजवळ तिपटीवर जातो. तात्यांची ॲल्युमिनियमची तार पावणेदोन मिलिमीटरची तरी असेल. प्रीसच्या गणितानं ती वितळायला सव्वाशेच्या वर अँपिअर लागतात. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते आणि पूर्ण जाम झाली तरी पंचेचाळीस-पन्नासच्या पुढं फारशी जात नाही. म्हणजे त्या रात्री किटकॅटमध्ये फ्यूज नव्हताच, नुसता जोड होता.

चालू होताना मोटार सहापट करंट ओढते, मग फ्यूज तेव्हाच का उडत नाही? कारण तार तापायला वेळ लागतो. दोन सेकंदांचा झटका ती सोसते. पण दीडपट-दुप्पट करंट बराच वेळ वाहत राहिला की हळूहळू तापून मधोमध तुटते. शॉर्ट सर्किट झालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा पापणी लवायच्या आत तिची वाफ होते. उडालेलं किटकॅट हातात घेतलं की हा फरक दिसतो. तार नुसती मध्ये तुटून टोकांना बारीक मणी आले असतील तर लोड जास्त झालेला. चिनीमातीवर काळा, तांबूस फराटा उठला असेल तर कुठं तरी फेज भिडलेला. (मेन स्विच पाडल्याशिवाय किटकॅटला हात लावायचा नाही. आणि डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, तर नाहीच, ते वायरमनचं काम आहे.)

घरातला धोका याहून लपलेला. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वितळायला नव्वदच्या वर अँपिअर लागतात, पण तिच्यावरचं साधं प्लास्टिक ७० अंशांपर्यंतच धड राहतं. तांबं वितळायच्या कितीतरी आधी भिंतीतल्या पाइपात प्लास्टिक जळायला लागतं. फ्यूज असतो तो या वायरसाठी. माणसाला शॉकपासून तो वाचवत नाही, कारण माणूस मरायला अँपिअरचा अगदी छोटा अंश पुरतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरला तुटणारा वेगळा स्विच लागतो.

आता घरोघरी फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप पडणारे स्विच, आलेत. पण उन्हाळ्यात त्यांच्याही तक्रारी असतात. त्यांतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि स्विच पाडते, आणि तिचं माप ३० अंशांच्या हवेला धरलेलं असतं. परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीतल्या बंद बोर्डात, ती आधीच तापलेली असते. मापापेक्षा थोड्या कमी लोडलाही एमसीबी पडतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

डीपीचंही गणित तेच, फक्त मोठं. शंभर केव्हीएचा डीपी साधारण १३३ अँपिअर देऊ शकतो, म्हणजे पाच एचपीच्या सतरा-अठरा मोटारी. त्यावर पंचवीस चालल्या, वर आकडे पडले, की फ्यूज उडतो. मग तिथंही कुणी तरी जाड तार बांधतो, आतलं तेल उकळतं, आणि ऐन रब्बीत सगळं शिवार नव्या डीपीची वाट बघत बसतं. वरच्या अकरा हजार व्होल्टच्या लाईनवरचा डिओ, म्हणजे नळीतला फ्यूज, मात्र मला आवडतो. आतली तार वितळली की नळी खाली लोंबते, वायरमनला लांबून कळतं की कुठला फेज गेला.

तात्यांची मोटार भरायला, म्हणजे आतली जळालेली गुंडाळी बदलायला, जिंतूरला टाकली, तेव्हा मीही सोबत होतो. भरणाऱ्यानं मोटार उघडून गुंडाळीवर बॅटरी मारली. तीनपैकी एकच फ्यूज उडाला की मोटार दोन फेजवर घुमत राहते आणि जळते, तेव्हा अशा मोटारीत एक किंवा दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या होतात, बाकीच्या कोऱ्या राहतात. इथं तिन्ही सारख्याच काळ्या होत्या.

"फेज नव्हता गेला," तो तात्यांकडं बघत म्हणाला, "ओढून ओढून मेली ही. किटकॅटात काय घातलं होतं?"

तात्या म्हणाले, "तारच."