'छिन्नमनस्कता' या नावामागची गोष्ट

एप्रिल १९०८ मध्ये बर्लिनमधल्या एका व्याख्यानात 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द पहिल्यांदा मांडला गेला. या गंभीर मानसिक आजारालाच मराठीत 'छिन्नमनस्कता' म्हणतात. व्याख्याते होते झुरिकच्या मनोरुग्णालयाचे संचालक ऑयगेन ब्लॉयलर. तोवर या आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश म्हणत. रुग्णाचा शेवट काय होणार, ते नावातच ठरवून टाकलेलं. ब्लॉयलरांनी नेमकं तेच नाकारलं. आजार तरुणपणीच जडतो असं नाही, प्रत्येकाची बुद्धी लयाला जाते असंही नाही, काही जण चांगले सावरतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

यामागे रुग्णांचा सहवास होता. झुरिकजवळच्या शेतकरी घरात १८५७ साली ते जन्मले. बहीण मनोरुग्ण. परक्या मुलखातले डॉक्टर आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोलत नाहीत, ही तिथल्या गावकऱ्यांची जुनी तक्रार होती. पुढे १८८६ पासून बारा वर्षं ते ऱ्हाइनमधल्या बेटावरच्या, मूळच्या मठात थाटलेल्या रुग्णालयात रुग्णांमध्येच राहिले. त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत, त्यांना पायी भटकायला नेत.

घोळ झाला तो शब्दाचा. ग्रीकमध्ये 'स्किझो' म्हणजे दुभंगणं आणि 'फ्रेन' म्हणजे मन. ब्लॉयलरांना अभिप्रेत होतं ते विचार, भावना आणि इच्छा यांची आपसातली जुळणी सुटणं. लोकांनी अर्थ घेतला एका देहात दोन माणसं! तो तर पूर्ण वेगळाच विकार. मराठीतल्या 'छिन्नमनस्कता' शब्दालाही हाच गैरसमज चिकटला, आणि 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणून आपण तो आणखी पक्का केला. घरच्यांना मग आधी हेच समजावत बसावं लागतं, उपचारांचं बोलणं नंतर. शिवाय १९११ च्या ग्रंथाच्या शीर्षकात ब्लॉयलरांनी या शब्दाचं अनेकवचन वापरलं होतं. हा एक आजार नसून आजारांचा गट आहे, असं त्यांना वाटे. ते अनेकवचन व्यवहारात गळून पडलं, हे मोठं नुकसान.

'ऑटिझम' हा शब्दही त्यांचाच, पण याच आजाराच्या एका लक्षणासाठी योजलेला. आजची स्वमग्नता वेगळी. गंभीर मनोरुग्णांच्या नसबंदीचं मात्र त्यांनी समर्थन केलं होतं. रुग्णांच्या इतक्या जवळ राहिलेल्या माणसाने ते करावं, हे माफ करता येत नाही.

जपानमध्ये या आजाराचं नाव 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचं होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ते बदलून 'जुळणी बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचं नाव स्वीकारलं. त्यानंतर ज्यांना निदान सांगितलं जातं अशा रुग्णांचं प्रमाण तीनेक वर्षांत जवळपास दुप्पट झालं. मराठीत नाव तेच आहे.